पतंगाच्या डोळ्यावरचा पराग

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी जे विस्तीर्ण गवताळ माळ आहेत, त्यांना तिकडे प्रेअरी म्हणतात. या माळांच्या पाणथळ भागांत जूनच्या अखेरीपासून जुलैपर्यंत एक पांढरे ऑर्किड फुलते. गवतातून वर आलेला सरळ दांडा, त्यावर फुलांचा तुरा, आणि प्रत्येक फुलाच्या तीन भागांत विभागलेल्या खालच्या पाकळीला बारीक कातरकाम केल्यासारखी झालर. अंधार पडू लागला की त्याचा गंध वाढतो, कारण ते ज्यांची वाट पाहते ते पाहुणे रात्रीचे असतात. थॉमस नटॉल यांनी १८३४ मध्ये या फुलाचे शास्त्रीय वर्णन केले. पुढची दीडशे वर्षे, पूर्वेला इलिनॉय-मिशिगनपासून पश्चिमेला नेब्रास्का आणि नॉर्थ डकोटापर्यंत जिथे जिथे असा पांढरा झालरीचा तुरा दिसला, तिथे तिथे तो एकाच जातीचा मानला गेला. तिचे आजचे नाव प्लॅटँथेरा ल्युकोफिया. १९८६ मध्ये चार्ल्स शेवियाक आणि मार्लिन बोल्स यांनी ‘रोडोरा’ या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात दाखवून दिले की ही एक जात नाही, दोन आहेत. पूर्वेकडच्या फुलाकडे जुने नाव राहिले. पश्चिमेकडच्या फुलाला प्लॅटँथेरा प्रीक्लारा, म्हणजे ‘अतिशय सुंदर’, असे नाव मिळाले. इतकी वर्षे जाणत्यांच्या डोळ्यांसमोर असूनही ते अनोळखीच राहिले होते. ते ओळखले कसे गेले आणि त्या ओळखीने काय साधले, याचा विचार करताना ‘ओळखणे’ हे रोजचे क्रियापद वेगळेच वजन घेऊन समोर येते. माझे म्हणणे असे आहे की वनस्पतीची ओळख तिच्या रूपात अर्धीच असते. उरलेली अर्धी तिच्या नात्यांत असते, आणि ती नाती ओळखल्याशिवाय तिला वाचवता येत नाही.

ऑर्किडच्या फुलात पराग इतर फुलांसारखा भुकटी होऊन उधळत नाही. तो छोट्या गाठोड्यांत बांधलेला असतो. या गाठोड्यांना परागपिंड म्हणतात. झालरीच्या या ऑर्किडमध्ये प्रत्येक फुलात असे दोन परागपिंड असतात आणि प्रत्येकाच्या देठाच्या टोकाला एक चिकट तबकडी असते. फुलाच्या मागे एक लांब, बारीक नळी लोंबते. तिच्या तळाशी मकरंद असतो. तो प्यायचा तर तितकीच लांब सोंड हवी, आणि ती असते हॉकमॉथ या दणकट, वेगवान निशाचर पतंगांकडे. पतंग सोंड आत घालतो, तळापर्यंत पोहोचण्यासाठी तोंड फुलावर दाबतो, आणि त्या क्षणी चिकट तबकडी त्याला डकते. आता शेवियाक आणि बोल्स यांनी पाहिलेली गोष्ट अशी: पूर्वेच्या फुलात या दोन तबकड्या अगदी जवळजवळ असतात, त्यांच्यातले अंतर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. पश्चिमेच्या फुलात हेच अंतर सहा मिलिमीटरांहून अधिक. म्हणून पूर्वेचे फूल आपला पराग पतंगाच्या सोंडेवर चिकटवते, तर पश्चिमेचे फूल तो त्याच्या डोळ्यांवर ठेवते. डोळ्यावरचा पराग पूर्वेच्या फुलाच्या कुक्षीला सहसा लागायचा नाही, आणि सोंडेवरचा पराग पश्चिमेच्या फुलाच्या उपयोगाचा नाही. दोन्ही फुले एकाच माळावर शेजारी उभी केली आणि एकच पतंग दोघांकडे गेला, तरी त्यांच्या घरांमधली ये-जा बहुतेक बंदच राहील. बाहेरून सारखे दिसणारे हे दोन वंश चार मिलिमीटरांच्या अंतराने अलग राहिले आहेत.

या निरीक्षणाला एक थोर पूर्वज आहे. चार्ल्स डार्विन यांचे ऑर्किडच्या परागीभवनावरचे पुस्तक १८६२ मध्ये निघाले. त्या काळी इंग्लंडमध्ये याच कुळातल्या दोन पांढऱ्या फुलांवरून मतभेद होता. प्लॅटँथेरा बायफोलिया आणि प्लॅटँथेरा क्लोरँथा अशी त्यांची आजची नावे. जॉर्ज बेंथॅम यांच्यासारखे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना एकाच जातीची दोन रूपे समजत. डार्विन यांनी त्यांच्या तबकड्या पाहिल्या. एकाच्या तबकड्या दूर दूर, पतंगाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना आणि डोळ्यांना लागतील अशा. दुसऱ्याच्या जवळ जवळ, सोंडेला लागतील अशा. डोळ्याला परागपिंड चिकटलेला पतंगही त्यांच्या पाहण्यात आला. एवढा फरक असलेली फुले एकमेकांची निव्वळ रूपे असू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज त्या दोन स्वतंत्र जाती म्हणूनच मानल्या जातात. म्हणजे समुद्राच्या दोन बाजूंना, सव्वाशे वर्षांच्या अंतराने, एकाच तऱ्हेचे कोडे एकाच तऱ्हेने सुटले. दोन्ही वेळा पाहणाऱ्याने फुलाला ‘तू कसे दिसतेस’ एवढेच विचारले नाही. ‘तुझ्याकडे कोण येते, आणि जाताना काय घेऊन जाते’ असेही विचारले. उत्तर दुसऱ्या प्रश्नाला मिळाले.

प्रत्यक्ष माळावर ही ओळख पटवण्याचे काम टप्प्याटप्प्यानेच करावे लागते, आणि प्रत्येक टप्प्यावर घाई नडते. पांढरा रंग आणि झालर एवढ्यावर निर्णय देणारा पहिल्याच पायरीवर घसरतो, कारण झालर असलेली आणखीही ऑर्किडे आहेत. प्लॅटँथेरा लॅसेरा हे हिरवट छटेचे. त्याची झालर कातरल्यापेक्षा फाडल्यासारखी खोल चिरलेली आणि मागची नळी आखूड. प्लॅटँथेरा ब्लेफॅरिग्लॉटिस हे शुभ्र आणि झालरीचे, पण त्याची खालची पाकळी तीन भागांत विभागलेली नसते. या दोघांना बाजूला केले तरी आपली जोडी उरतेच. मग मधुनळी मोजायची. पश्चिमेच्या फुलाची नळी सहसा अधिक लांब, कधी पाच सेंटिमीटरांच्याही वर. पण दोघांची मापे एकमेकांत शिरतात, त्यामुळे एका नळीवरून निकाल देता येत नाही. पश्चिमेचा तुरा अधिक भरगच्च, फुले थोराड आणि दुधाच्या सायीकडे झुकणारी. पूर्वेची फुले किंचित लहान. हेही कलच आहेत, पुरावे नव्हेत. शेवटी फुलाच्या अगदी समोर वाकून, आतल्या त्या दोन तबकड्यांमधले अंतर पाहावे लागते. तेही फुलण्याच्या दिवसांतच. फुलांवाचून नुसती पाने असली तर गवतात ती सापडणेच कठीण, आणि सापडली तरी ती निश्चयाने काही सांगत नाहीत. एखाद्या वर्षी ऑर्किड फुलतच नाही, जमिनीखालच्या कंदात निजून राहते. तेव्हा ‘यंदा दिसले नाही’ याचा अर्थ ‘इथे नाही’ असा होत नाही. वाळवून कागदावर दाबलेल्या नमुन्यात तर फुलाची उंची-खोली चपटी होऊन जाते. ज्या जागी दोन्ही जातींचा भेद लपलेला आहे, नेमकी तीच जागा दाबली जाते. ही जोडी दीडशे वर्षे एकत्र राहिली, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: हा कीस काढण्याचा उद्योग नाही का? चार मिलिमीटरांसाठी एका जातीच्या दोन करायच्या, तर जगातल्या प्रत्येक फुलाला वेगळे नाव द्यावे लागेल. हा आक्षेप हलका नाही. नावे वाढवण्याची हौस असणारे अभ्यासक प्रत्येक पिढीत झाले आहेत, आणि त्यांनी दिलेली कित्येक नावे पुढच्या पिढीने गुंडाळून ठेवली. पण कोणता फरक मोजायचा याला कसोटी आहे. पान दोन बोटे रुंद की तीन, हा फरक माती आणि पाऊस यांनीही घडतो, आणि त्याने वंश तुटत नाही. तबकड्यांमधले अंतर मात्र पराग कुणाचा कुणाकडे जाईल हे ठरवते. जो फरक वंशाच्या वाटा वेगळ्या करतो, तो लहान असला तरी मूलभूत असतो. याच्या पुष्टीला दुसरे उदाहरण शेवियाक यांच्याच कामातले आहे. १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या ओल्या कुरणांत आणि नदीकाठांवर वाढणाऱ्या स्पायरँथिस डिल्युव्हियालिस या ऑर्किडचे वर्णन केले. वेणीसारखी पिळाने चढत जाणारी छोटी पांढरी फुले. त्याआधी ती जवळच्या इतर जातींत मोजली जात. त्याच्या पेशीत गुणसूत्रे निघाली ७४. स्पायरँथिस मॅग्निकँपोरम या जातीची ३०, स्पायरँथिस रोमान्झोफियाना हिची ४४. बेरीज बरोबर ७४. दोन जातींच्या संकरातून गुणसूत्रांचे दोन्ही संच जसेच्या तसे राहून हा नवा वंश उभा राहिला होता. डोळ्यांना जे ‘जवळपास तेच’ वाटत होते, त्याची जन्मकथाच निराळी निघाली. अशा ठिकाणी वेगळे नाव देणे ही नोंदीतली साधी प्रामाणिक दुरुस्ती ठरते.

आणि या दुरुस्तीचे परिणाम कागदावर थांबत नाहीत. इलिनॉय राज्यात गोऱ्या वसाहतींच्या आधी सुमारे २ कोटी २० लाख एकर उंच गवताची प्रेअरी होती. १८३७ मध्ये जॉन डीअर यांनी त्याच राज्यात पोलादी नांगर घडवला. प्रेअरीच्या चिकट काळ्या मातीला तो पुरून उरला. पुढे जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून पाणथळ भागांतले पाणी काढून देण्यात आले, आणि मक्याची शेते पसरली. मूळच्या रूपात टिकून राहिलेली उत्तम प्रेअरी आज तिथे अडीच हजार एकरांच्या आसपास आहे, म्हणजे दहा हजारांत एक भाग. पूर्वेच्या झालरी ऑर्किडचे घर हे असे संपत आले. दोन्ही फुले एकच समजली जात होती, तोवर पश्चिमेला नॉर्थ डकोटातल्या शायेन गवताळ प्रदेशातली फुले पाहून कुणीही म्हणू शकत होता की जात तशी सुखरूप आहे. एका नावाने एकाचे दारिद्र्य दुसऱ्याच्या शिलकीत झाकले गेले असते. उलटही तितकेच खरे. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या व्हिटा या गावाजवळ १९८४ मध्ये जे झालरी ऑर्किड पहिल्यांदा नोंदले गेले, ते पश्चिमेचे होते. ते दूर पूर्वेला आढळणाऱ्या फुलाचीच आणखी एक जागा मानले गेले असते, तर त्याचे वेगळे महत्त्व लक्षातच आले नसते. १९८६ च्या निबंधानंतर तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, अमेरिकेच्या केंद्र सरकारने दोन्ही जातींना स्वतंत्रपणे ‘धोक्यात असलेल्या’ यादीत घातले. स्पायरँथिस डिल्युव्हियालिसही १९९२ मध्ये त्या यादीत आले. मग त्याचा मुद्दाम शोध सुरू झाला, आणि युटा-कोलोरॅडोच्या पलीकडे वायोमिंग, नेब्रास्का, मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन अशा राज्यांतूनही ते सापडत गेले. ज्याला नाव नाही त्याला कुणी शोधायला निघत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. आता मोबाइलवर फोटो काढला की अॅप नाव सांगते, पानाचा तुकडा दिला की डीएनए नाव सांगतो. मग माळावर वाकून तबकड्या मोजण्याचे कष्ट कशाला? ही साधने मोलाची आहेत, त्यांना नाके मुरडण्यात अर्थ नाही. हजारो हौशी लोकांच्या नजरा त्यांच्यामुळे एकत्र आल्या. पण अॅप जे सांगते ते माणसांनी आधी ओळखून दिलेल्या फोटोंवर शिकून सांगते. १९८० साली असे अॅप असते, तर त्याने प्रत्येक झालरी तुऱ्याला ठामपणे एकच नाव दिले असते, आणि त्या ठामपणाने चूक आणखी पक्की झाली असती. ते जागेवरूनही अंदाज बांधते: पश्चिमेला दिसले, तर पश्चिमेचे असणार. बहुतेक वेळा ते बरोबर येईल, पण सरहद्दीवरचे एखादे अनपेक्षित फूल, ज्याच्यामुळे आपले ज्ञान पुढे जाईल, नेमके तेच अशा अंदाजात हरवेल. डीएनएचेही तसेच. तुकडा कुणाशी जुळतो हे तो सांगतो; पण ज्याच्याशी जुळवायचा त्या नमुन्याला कुणीतरी आधी डोळसपणे नाव दिलेले असावे लागते. शिवाय दोन वंश वेगळे आहेत एवढे कळले, तरी ते वेगळे कशामुळे राहतात हे कळत नाही. पतंगाचा डोळा आणि पतंगाची सोंड यांतला फरक प्रयोगशाळेच्या नळीत उतरत नाही. तो पाहायला माळावर जावे लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: ओळख हीच दुर्मीळ फुलाला घातक ठरते. नाव झाले की प्रसिद्धी होते, पाहणारे येतात, भोवतालचे गवत आणि कोवळे कोंब तुडवले जातात, आणि एखादा कंद उपटून नेणाराही त्यांच्यात असतो. ऑर्किडच्या बाबतीत हे भय खरे आहे. हौसेपोटी झालेल्या लुटीचा त्यांचा इतिहास मोठा आहे. उपटलेले ऑर्किड घरच्या कुंडीत जगेल, ही आशाही व्यर्थ असते. त्याच्या धुळीसारख्या बारीक बियांत रोपाला पुरेल असे अन्नच नसते. मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसले तरच ते रुजते, आणि पुढेही त्या बुरशीशी त्याचा संबंध राहतो. म्हणजे उपटणारा फक्त अर्धी वनस्पती नेतो. उरलेली अर्धी मातीत तुटून राहते. तरीही या भयावरचा उपाय अज्ञान हा नाही. जात ओळखणे आणि जागा जाहीर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांवर धोक्यातल्या जातींचे अचूक ठिकाण आपोआप झाकले जाते. अभ्यासकही आपल्या लेखांत गावाचे नाव देतात, बांधाचे नाही. अनोळखी राहिलेल्या फुलाला या आडोशाचाही लाभ मिळत नाही. ज्या माळावर काय आहे हेच कुणाला ठाऊक नाही, तो माळ नांगरताना कुणाचाही हात अडखळत नाही. चोराने नेलेली चार फुले दिसतात, पण अज्ञानाने नांगरलेला माळ कुणाच्या हिशेबातही येत नाही.

शेवटी असेही म्हणता येईल की नुसत्या नावाने काय होते? हे मात्र बऱ्याच अंशी मान्य करायला हवे. धोक्यातल्या जातींची यादी अमेरिकेत ज्या कायद्याने होते, त्याचे हात वनस्पतींच्या बाबतीत आखूड आहेत. सरकारी जमिनीवर आणि सरकारी प्रकल्पांत तो आड येतो. खासगी जमिनीवरच्या रोपाला तो प्राण्यांना देतो तितके संरक्षण देत नाही. नाव यादीत गेले म्हणून तुटलेली प्रेअरी परत येत नाही, आणि फवारण्यांनी कमी झालेले पतंगही येत नाहीत. पण ओळख खोलवर गेली असेल, तर ती काम करण्याची दिशा तरी देते. शिकागोच्या परिसरात ‘प्लँट्स ऑफ कन्सर्न’ हा उपक्रम २००१ पासून दुर्मीळ वनस्पतींची मोजदाद स्वयंसेवकांकरवी करतो. इलिनॉयमधल्या काही माळांवर स्वयंसेवक दातकोरणीसारख्या बारीक काडीने झालरी ऑर्किडचे परागपिंड उचलून दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला लावतात, कारण लहान, एकाकी माळावर पतंग येईलच याची खात्री उरलेली नाही. त्या काडीने काय करायचे हे त्यांना कुठून कळले? पराग कुठे असतो, तो कुठे चिकटतो आणि कुठे पोहोचला पाहिजे, हे ज्यांनी शोधले त्यांच्याकडून. पतंगाचे काम माणसाला करता यावे यासाठी आधी पतंगाचे काम समजावे लागते. फूल रूपावरून ओळखणारा त्याचा फोटो काढून थांबतो; नात्यावरून ओळखणाऱ्याला त्याच्यासाठी काही करता येते.

नटॉल यांच्या या फुलाला बराच काळ हबेनारिया ल्युकोफिया असेही म्हटले जात असे. हबेनारिया हे नाव आपल्या सह्याद्रीच्या सड्यांना परके नाही. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या पठारांवर पातळ मातीत पाणी साचते, तेव्हा याच गटातली ऑर्किडे तिथे उगवतात. त्यांतली हबेनारिया पंचगनिएन्सिस तर पाचगणीचेच नाव घेऊन उभी आहे. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसचे बहुधा एकच गोल पान जमिनीला टेकलेले असते. हबेनारिया हेनियानाची फुले दांड्याच्या एकाच बाजूला ओळीने लागतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचे पठारही आले, आणि ते पाहायला जाणाऱ्यांची रीघ लागली. या फुलांकडे रात्री कोण येते, पराग कुठे घेऊन जाते, हे सड्यावर बसून पाहणारे मात्र थोडेच आहेत. म्हणून सड्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे: पांढरे ऑर्किड दिसले तर पायवाट सोडू नका आणि फुलाला हात लावू नका. फोटो काढायचाच तर एक अगदी समोरून, एक मधुनळी दिसेल असा बाजूने आणि एक जमिनीजवळच्या पानाचा काढा. सोबत दिवस, वेळ, माती ओली होती की कोरडी, आणि फुलावर कोण बसले होते, हे लिहून ठेवा. नाव लगेच कळले नाही तरी चालेल. पण चुकीचे नाव खात्रीने लिहू नका, कारण झालरीच्या त्या ऑर्किडला तशा खात्रीतून बाहेर यायला दीडशे वर्षे लागली, आणि तोवर त्याचा माळ जवळजवळ संपला होता.